सतराव्या बाटलीचं काऊन

काऊन सरांना 'का' हा शब्द येत नव्हता असं नाही. देऊळगाव राजाच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं, तेही चांगल्या घोटीव पुस्तकी मराठीत. पण प्रश्न विचारायची वेळ आली की पुस्तक बाजूला पडायचं आणि आमचं वऱ्हाडी 'काऊन' बाहेर यायचं. 'काऊन?' एवढंच विचारायचे आणि थांबायचे. चष्मा कपाळावर, हात पाठीमागे. उत्तर येईपर्यंत माणूस जागचा हलायचा नाही. एकदा कँटीनवाला म्हणाला, "सर, आज भजी नाहीत." "काऊन?" "बेसन संपलं." "बेसन काऊन संपलं?" तो हात जोडून म्हणाला, "सर, तुम्ही चहा घ्या अन् वर्गावर जा बरं." त्यांचं खरं आडनाव हजेरीपटावरच राहिलं. गावात विचाराल तर काऊन सर.

आता मी विज्ञान शाखेची. माझा आणि तत्त्वज्ञानाचा संबंध काय? संबंध जागेचा. सरांच्या विषयाला वर्षाला तीन पोरं यायची, चौथं आलं तर सर पेढे वाटतील अशी स्थिती. तीन पोरांसाठी खोली कोण देणार? म्हणून त्यांचं टेबल आमच्या रसायनशास्त्राच्या तराजूच्या खोलीत टाकलेलं होतं. काचेच्या पेटीतले नाजूक तराजू, पंखा लावायचा नाही, जोरात बोलायचं नाही, आणि कोपऱ्यात काऊन सर. आम्ही श्वास रोखून वजन करत असू आणि मागून हळूच आवाज यायचा, "ए केमिस्ट्री, हा काटा बरोबर आहे हे तुले कसं समजलं?" सर पोरापोरींना विषयाच्या नावानं हाक मारत. मी केमिस्ट्री. मी सांगितलं, "सर, वजनं ठेवून तपासलाय." "अन् वजनं बरोबर आहेत हे?" "ती... तराजूवर तपासतात." सर नुसते माझ्याकडे बघून हसले. मला इतका राग आला की त्या दिवशीचं माझं वजन तीनदा चुकलं.

माझा स्वभाव मुळात तापट. वडील एसटीत कंडक्टर, दिवसभर लोकांशी वाद घालून घरी यायचे, तो वारसा मला मिळाला. सरांवर मी आठवड्यातून एकदा तरी चिडत असे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मुद्दाम त्यांच्या टेबलाजवळचाच तराजू धरत असे. हे काऊन, ते मला आजही सांगता येणार नाही.

सर मूळचे अमडापूरचे, बौद्ध घरातले. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबलेले. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, तुम्हाला प्रश्न विचारल्याशिवाय करमत नाही का हो?" तेव्हा त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माह्या बापाले उभ्या जन्मात कोणाले काऊन विचारायची सोय नव्हती. सांगतलं तेवढं करायचं. तो मले म्हणे, पोट्ट्या, भाकर कमी भेटली तं चालंन, पण काऊन विचारणं सोडू नको." एवढं बोलून त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पेपर तपासायला लागले. त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा केला नाही.

पुढे मी पुण्याला गेले, एम.एस्सी. झाले, एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. तिथल्या पहिल्याच चर्चेत एका सीनियरनं आलेख दाखवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण हा आकडा काऊन वाढला?" सगळी खोली हसली. दुष्टपणानं नाही, पण हसली. मी त्या दिवसापासून 'का' म्हणायला लागले. सुट्टीत सरांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "हसले तं हसू दे. उत्तर देलं का?" मी आठवून बघितलं. कुणीच दिलं नव्हतं. "मंग पाह्य, हसून त्यायची सुटका झाली. अन् तू सुटू देलं."

मीही काही कमी नव्हते. शिकून आले होते ना पुण्याहून! म्हटलं, "सर, खरं सांगू? तुमचं तत्त्वज्ञान म्हणजे लग्नात एक पाट न मांडता पंगतीला बसून स्वयंपाकाला नावं ठेवणारा पाहुणा. भट्टीपाशी आम्ही भाजायचं, आणि वरण पातळ आहे हे तुम्ही सांगायचं." सरांच्या बायको, आमच्या काकू, आतून खो खो हसल्या. सरही हसले. मग म्हणाले, "खरं आहे. पण भाजी खारट झाली हे आचाऱ्याले कोण सांगंन? चाखू चाखू त्याची जीभ बसलेली असते." थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "तरी तुह्यं म्हणणं खरं आहे. मी कधी भट्टीपाशी गेलो नाई. आता येतो."

आणि खरंच आले. माझ्या प्रबंधाचा विषय होता लोणारच्या सरोवराचं पाणी. ते खारं आणि साबणासारखं बुळबुळीत पाणी काठाच्या सगळ्या बाजूंनी एकसारखंच आहे, आत मिसळून एकजीव झालेलं आहे, हे मला दाखवायचं होतं. त्यासाठी काठाकाठानं चोवीस ठिकाणी चोवीस बाटल्या भरायच्या. फेब्रुवारीत परवानगी मिळाली. सर रिटायर होऊन दोन वर्षं झालेली, एक गुडघा धरलेला, तरी पहाटेच्या गाडीनं टोपी घालून हजर. गळ्यात घरच्या पाण्याची थर्मासची बाटली, हातात काठी. विवराची उतरण उतरताना दर दहा पावलांवर थांबत होते, पण 'परत जाऊ' असं एकदाही म्हणाले नाहीत.

बाटली भरायची एक रीत असते. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं ती आधी तीनदा विसळायची, मग भरायची. दुसऱ्या पाण्याचा थेंब लागला तरी नमुना वाया. मी सरांना हे एकदा सांगितलं, आणि मग कामाच्या नादात पुन्हा आठवण करायला विसरले. ऊन चढत होतं, चिखलात पाय रुतत होते, वासानं डोकं दुखत होतं. मी वाकून भरत होते, सर चिठ्ठ्या चिकटवत होते. दुपारी तेही दमले. एकदा दगडावर बसून म्हणाले, "तीस वर्षं मी 'निरीक्षण' हा शब्द फळ्यावर लिहून राह्यलो. लिहायले किती वेळ लागते? एक सेकंद. एका आकड्याले एवढा घाम लागते, हे मी पोट्ट्यायले कधीच सांगतलं नाई." मला तेव्हा ते ऐकून फार बरं वाटलं. सोळा बाटल्या झाल्या तेव्हा माझी कंबर धरली. सर म्हणाले, "एक मले भरू दे." सतरावी बाटली त्यांनी भरली. मी पाठ करून झाडाच्या सावलीत नोंदी लिहीत होते.

तपासणीत तेवीस बाटल्या शहाण्या पोरींसारख्या एका ओळीत बसल्या. सतरावी नाही. तिचा खारटपणा कमी, सामू (पीएच) कमी. म्हणजे पाणी बाकीच्यांपेक्षा चक्क गोडं. आलेखावर सगळे ठिपके एका जागी आणि हा एक दीडशहाणा खाली जाऊन बसलेला. मी क्षणभर घाबरले, आणि मग मला सरांचं घर आठवलं. सरांच्या घरी कुणाचंही भांडं आलं की आधी घरच्या पाण्यानं विसळायचं आणि मगच भरून द्यायचं, अशी पद्धत. सरांच्या आईपासूनची. शेजारीण डबा घेऊन कढी मागायला आली तरी सर स्वतः तो डबा माठातल्या पाण्यानं विसळत. झालं! गळ्यात थर्मास होताच. सरांनी सवयीनं माझी बाटली घरच्या गोड्या पाण्यानं विसळली असणार आणि तळाशी घोटभर राहिलं असणार. माझा जीव भांड्यात पडला. मी सतरावर काट मारली आणि लिहिलं, 'नमुना दूषित.'

देऊळगावला गेले तेव्हा ही गंमत म्हणून सरांना सांगितली. म्हटलं, "तत्त्वज्ञानवाल्याच्या हाती बाटली दिली की असं होतं बघा." ते हसतील असं वाटलं होतं. सर हसले नाहीत.

"मी विसळली असंन बी," ते म्हणाले. "मले आठवत नाई. हाताले सवय आहे."

"मग झालं तर."

"झालं काऊन? माह्या हातून चूक झाली असंन, हे खरं. पण ती झाली हे तू तपासलं, का तुले सोयीचं होतं म्हणून धरलं?"

"सर, बाकीच्या तेवीस बाटल्या एकच गोष्ट सांगतायत!"

"त्या तुह्याशी सहमत आहेत म्हणून त्यायची झडती घेतली नाई. ही एकटी सहमत नाई, तं तिची झडती. बरं, झडती बी नाई. हाकललंच. तिथं पुन्हा जा अन् पुन्हा भर."

माझं डोकं फिरलं. आता काय सांगू, काय पणाला लागलं होतं ते! जूनअखेर प्रबंध जमा झाला तरच पुण्याच्या एका कॉलेजातल्या जागेची मुलाखत मला देता येणार होती. जागा एकच. अशी जागा पुन्हा कधी निघेल, सांगता येत नव्हतं. नव्यानं परवानगी, नव्यानं नमुने, नव्यानं तपासणी म्हणजे वर्ष गेलं. आणि सतरा खरी निघाली तर? तर 'एकजीव पाणी' हे माझं सगळं म्हणणंच पाण्यात. मी उभी राहिले आणि जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, "सर, तुम्हाला काय जातंय? बाटली माझी, प्रबंध माझा, नोकरी माझी जाणार. तुमचं आयुष्यात कधी काही बुडालंय का या काऊनपायी? खुर्चीत बसून विचारायला काय लागतं!"

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, तर सरांनी हातानंच त्यांना थांबवलं. मला म्हणाले, "हाव. बरोबर आहे तुह्यं." बस, एवढंच. मी चपला घातल्या आणि न जेवता निघाले. कढीभाकरीचा वास येत होता, तोही मला आठवतो.

पुण्यात येऊन मी प्रबंध टाइप करायला घेतला. 'नमुना दूषित' या दोन शब्दांपाशी आले की हात थांबायचा. हे दोन शब्द मी लिहिले कशावरून? बाटली मी बघितली नव्हती, मी पाठ करून बसले होते. सरांनी विसळली हे मला ठाऊक नव्हतं, मला फक्त ते आवडलं होतं. चार दिवस मी ते वाक्य फिरवून फिरवून लिहिलं. 'दूषित असावा', 'दूषित असण्याची शक्यता', काय वाट्टेल ते. शेवटी पाचव्या दिवशी मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगितलं की मला पुन्हा लोणारला जायचंय. मॅडम म्हणाल्या, "एका बाटलीसाठी? का?" मी म्हटलं, "कारण ती काऊन वेगळी आली हे मला माहीत नाही." इतक्या वर्षांनी तो शब्द पुण्यात माझ्या तोंडून निघाला. मॅडम हसल्या नाहीत, चिडल्या. चांगले तीन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

परवानगी मिळाली मेच्या शेवटाला. सरोवर बरंच आत सरकलं होतं, काठाला पांढरी खपली धरली होती. सतराव्या जागेवर पोचले तर तिथे एक म्हातारी चार बकऱ्या घेऊन बसलेली. तिथे चरायला बंदी आहे, पण बकऱ्यांना पाट्या वाचता येत नाहीत. आणि बकऱ्या खुशाल पाणी पीत होत्या. मी बघतच राहिले. ते पाणी तोंडात धरवत नाही हो!

"आजी, बकऱ्या हे पाणी पितात?"

"अठीच पेतात. बाकी कुठी तोंड बी लावत नाहीत," म्हातारी म्हणाली. "अठी खालून गोडा पाझर आहे ना. माह्या सासूच्या येळपासून आहे. काऊन, तुमच्या पुस्तकात नाई का?"

मी गुडघ्यावर बसले. खपली बाजूला केली तर खालच्या वाळूतून बोटभर जागेतून पाणी वर येत होतं. हातावर घेतलं, चाखलं. गोड. मला हसावं की रडावं कळेना. पाझरालगतच्या काठाच्या पाण्यानं तीनदा बाटली विसळली, भरली. पुन्हा दुसरी, पुन्हा तिसरी. पुढे तपासणीत तिन्ही सतरासारख्याच आल्या.

मुलाखत हुकली. ती जागा दुसऱ्याला मिळाली, आणि मी त्याचा दोन वर्षं मनापासून राग केला. प्रबंध वर्षभर लांबला. 'एकजीव पाणी' बाद झालं. त्या जागी पाझराचं प्रकरण आलं, आणि परीक्षकांना सगळ्यात आवडलं तेच. पण हे नंतरचं. लोणारहून मी तशीच चिखलाच्या पायांनी देऊळगावला गेले आणि सरांना सांगितलं, "सर, तुम्ही बाटली विसळली नव्हती." वाटलं, आता तरी म्हणतील, मी सांगत नव्हतो? सरांनी चष्मा कपाळावर घेतला आणि विचारलं, "बरं. मंग बाकीच्या तेवीस काऊन बरोबर धरल्या?"

घ्या! मी डोक्याला हात लावला. काकू म्हणाल्या, "अहो, तिले पाणी तं पिऊ द्या." त्या दिवशी मी पोटभर जेवले. पण चपला घालून निघाले होते त्या दिवसाबद्दल मी माफी मागितली नाही. सरांनीही तो विषय काढला नाही. पुढे मला दुसरीकडे नोकरी लागली, येणंजाणं चालू राहिलं, आणि दर वेळी वाटायचं की पुढच्या खेपेला बोलू.

गेल्या थंडीत सर गेले. मला चौथ्या दिवशी कळलं. घरी पोचले तेव्हा माणसं येऊन गेली होती, काकू एकट्याच होत्या. थोडं रडणं झालं, थोडं बोलणं झालं. मग त्यांनी कपाटातून धुतल्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं आणलं. म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. याचं काय करायचं ते पाह्य."

आत एक प्रबंध होता. सरांचा. टाइप केलेला, काळ्या कापडात बांधलेला, पहिल्या पानावर मार्गदर्शकांची सही. पाच प्रकरणं, पक्का तयार. सर डॉक्टर नव्हते. स्टाफरूममध्ये त्यावरून किती टोमणे ऐकले असतील त्यांनी! त्यांच्यामागून आलेले प्राचार्य होऊन गेले, सर तराजूच्या खोलीतच राहिले. आम्हाला वाटायचं, आळस. मी पानं उलटत गेले. चौथ्या प्रकरणात एका परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलनं, सरांच्याच अक्षरात, एक शब्द होता. 'काऊन?' त्याखाली बारीक अक्षरात आठ-दहा ओळी. पुढच्या पानांवर काही नाही.

"जमा करायले अमरावतीले निघाले होते," काकू म्हणाल्या. "स्टँडवर बसल्या बसल्या वाचून राह्यले. गाडी लागली तं बसलेच नाहीत. घरी परत आले. म्हणे, चवथं प्रकरण खोटं आहे. मी म्हटलं, कोण म्हणते? म्हणे, कोणीच नाई, मलेच दिसलं. सायबानं सही केलेली होती. कोणाले समजलं बी नसतं."

मी प्रबंध मिटला. तुमचं आयुष्यात कधी काही बुडालंय का, हे मी याच खोलीत, याच माणसाला विचारलं होतं. मी काकूंना म्हटलं, "मग त्या दिवशी त्यांनी मला हे का नाही सांगितलं? तुम्ही सांगणार होता ना? त्यांनी थांबवलं तुम्हाला."

निघायची वेळ झाली होती. काकूंनी माझी प्रवासाची बाटली घेतली, माठापाशी गेल्या, घरच्या पाण्यानं विसळली, ते पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं आणि मग ती भरली.

"मी भांडले ना त्यायच्याशी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पोरगी एवढं बोलून गेली, एका शब्दानं सांगायचं होतं. तं म्हणे, सांगतलं असतं तं तिनं बाटली माह्यापायी ठेवली असती. पाण्यापायी ठेवली पाह्यजे."